कापसाचा भाव कोण पाडतो?



कापसाचा भाव पडला की आपण कोणाला दोष देतो? व्यापाऱ्याला. नाहीतर पावसाला. नाहीतर स्वतःच्या कपाळाला. आज आम्ही तुम्हाला एका दूरच्या देशाची हकीकत सांगणार आहोत. भाव कसा पडतो, हे तिच्यातून नीट कळते.

आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात बुर्किना फासो नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. तिथला कापूसवाला आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यासारखाच. पाऊस पडला की पेरतो. सगळा भरवसा आभाळावर. कापूस घरची माणसे हातानेच वेचतात. त्याला तिथेही पांढरे सोने म्हणतात बरे का! बी आणि खत कंपनी उधार देते. कापूस तीच घेते, आणि उधारी कापून उरलेले पैसे हातावर ठेवते. गावातले शेतकरी गट करून एकमेकांना जामीन राहतात. एकाची उधारी बुडाली की बाकीच्यांच्या पैशातून वळती होते. माली, बेनिन आणि चाड हे देशही कापूस पिकवतात.

आता समुद्रापलीकडे चला. तिकडे अमेरिका. 2001 च्या सुमारास तिथे कापूस पिकवणारे सुमारे 25 हजार लोक होते. एकेकाचे शेत नजर पोचणार नाही एवढे. वेचणी यंत्राने. पण त्यांचा खर्चही दांडगा. आफ्रिकेचा कापूस त्यापेक्षा कितीतरी कमी खर्चात निघतो. मग तुम्ही म्हणाल, ज्याचा माल कमी खर्चात निघतो तोच बाजारात पुढे जाणार. रास्त आहे. पण तसे झाले नाही. इथेच खरी गोम आहे.

अमेरिकेच्या सरकारने आपल्या शेतकऱ्याला एक भाव बांधून दिला होता. बाजारभाव त्याच्या खाली गेला, तर फरक सरकार भरणार. यालाच अनुदान म्हणतात. आपण रुपयात हिशोब करून पाहू. समजा, बांधलेला भाव 100 रुपये आहे आणि बाजारात मिळतात 60. वरचे 40 सरकार देते. मग तो शेतकरी पेरा कशाला कमी करील? तो पेरतच राहतो. अमेरिकेत कापडगिरण्या थोड्याच उरल्या आहेत, म्हणून बहुतेक कापूस परदेशी विकावा लागतो. बाजारात माल तुंबतो. भाव आणखी उतरतो. 60 चे 55 होतात. अमेरिकेच्या शेतकऱ्याचे काही बिघडत नाही. आफ्रिकेच्या शेतकऱ्याचा फरक मात्र भरून द्यायला कोणी नाही.

2001-02 च्या हंगामात जगात कापसाचा भाव तीस वर्षांत नव्हता इतका खाली गेला. त्या हंगामात अमेरिकेने कापसावर सुमारे 300 कोटी डॉलर अनुदान वाटले. अख्ख्या बुर्किना फासोचे एका वर्षाचे उत्पन्न त्या वेळी जवळजवळ तेवढेच होते.

हे अनुदान नसते तर भाव किती चढला असता? 2007 साली अमेरिकेतल्याच अभ्यासकांनी हिशोब केला. जगाच्या बाजारात 6 ते 14 टक्के, असे उत्तर आले. यात काय मोठे, असे वाटेल. तर पुन्हा हिशोब करू. समजा, शेतकऱ्याचा कापूस 100 रुपयांचा झाला. त्यात बी-खताची उधारी 50. घरी आले 50. आता भाव दहा टक्क्यांनी पडला. कापूस 90 चा झाला. पण उधारी काही 45 होत नाही. ती 50 च राहते. घरी आले 40. बाजारात दहावा हिस्सा गेला. घरात मात्र पाचवा हिस्सा गेला. शाळेची फी, औषधपाणी, पुढचे बियाणे, सारे याच पैशातून व्हायचे.

2003 साली हे चार देश एकत्र आले. बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे जूनमध्ये जिनिव्हाला जाऊन जागतिक व्यापार संघटनेपुढे बोलले. मागणी साधी होती. अनुदाने बंद करा, आणि ती बंद होईपर्यंत आमची नुकसानभरपाई द्या. सप्टेंबरात मेक्सिकोतील कानकुन शहरी सर्व देशांची बैठक भरली. ती काही न ठरताच मोडली.

ब्राझील देशाने दुसरी वाट धरली. त्याने 2002 साली रीतसर खटला भरला. 2005 साली ब्राझील जिंकला. तरी अमेरिकेने सारी अनुदाने थांबवली नाहीत. तेव्हा ब्राझीलने अमेरिकेच्या मालावर जादा जकात बसवण्याची परवानगी मिळवली. मग 2010 साली तडजोड झाली. वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर अमेरिकेने ब्राझीलच्या कापूसवाल्यांसाठी द्यायचे. 2014 साली आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे घरच्यांना अनुदान, आणि तक्रार करणाऱ्याला वेगळे पैसे! ब्राझील मोठा, म्हणून त्याला मिळाले. आफ्रिकेच्या चौघांना मात्र अशी भरपाई मिळाली नाही.

सरकारने शेतकऱ्याला आधारच देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. हमीभाव आपल्यालाही हवा असतो. पण श्रीमंत देशाचा खजिना भरलेला, आणि त्याच्या आधाराचा भार परक्या गरिबावर पडतो, हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. पुढे चीननेही असाच मोठा आधार दिला, तेव्हा एकट्या अमेरिकेचे नाव घेऊनही चालणार नाही.

आपल्या विदर्भ-मराठवाड्याचा याच्याशी संबंध आहेच. बाहेरचा स्वस्त कापूस आत आला की आपला भाव दबतो. 2021 साली भारत सरकारने बाहेरच्या कापसावर 11 टक्के जकात बसवली. गिरणीवाले नाराज झाले, कारण त्यांना कापूस स्वस्त हवा. 2025 च्या ऑगस्टात सरकारने ती जकात वर्षअखेरपर्यंत माफ केली. नवा कापूस घरात येण्याचे दिवस तेच.

ते चार देश अजून हीच मागणी मांडतात. 2024 साली अबू धाबीच्या बैठकीतही कापसाचा निकाल लागला नाही. त्यांच्या खटपटीने एक गोष्ट मात्र झाली. 2019 पासून 7 ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास बुर्किना फासोत बोंडे फुटलेली असतात, आणि आपल्याकडेही पहिल्या वेचणीची तयारी चाललेली असते.