शाखांच्या भिंती आणि ग्रंथालयाचे दार
(शताब्दी समारंभातील भाषण)



आपल्या वडोदऱ्यात १८८१ साली कॉलेज निघाले, १९४९ मध्ये विद्यापीठ झाले. उच्चशिक्षणाची एवढी परंपरा असूनही आमच्या पिढीत एकदा कला वा विज्ञान शाखा ठरली की दुसरीचे दार बंद होई. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते उघडले. मुख्य विषयाच्या जोडीला अन्य शाखेचा विषय आता घेता येतो. तीन वर्षांत पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, अशी सोयही झाली.

परंतु धोरण उदार असले तरी वेळापत्रक तसे नसते. मध्यंतरी भौतिकशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. "सर, मला मराठी घ्यायचे आहे." तिचे प्रात्यक्षिक आणि मराठीचा तास एकाच वेळी! पुढे पुरेशी संख्या न भरल्याने तो वर्गच निघाला नाही. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी तिला या ग्रंथालयात आणले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांना ज्यासाठी २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते मराठी आत्मचरित्र तिच्या हाती दिले. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक इरावती कर्वे यांचे 'युगान्त' तिने स्वतःच शोधले. शाखांचा संगम आपल्या कपाटांत केव्हाच झाला आहे.

म्हणून एक विनंती करतो. दर शनिवारी संध्याकाळी एक तास वाचनकक्ष अशा विद्यार्थ्यांसाठी राखावा. शिकवायला मी विनामूल्य येईन. गुणपत्रिकेत त्याची नोंद होणार नाही. पण आपल्या पुस्तकांना पुढचा वाचक मिळेल.