बर्फावरची मोटार आणि मागची दोन चाके



बाहेर वैशाखाचा उकाडा आहे, मांडवातले पंखे गरम वाराच फिरवीत आहेत, आणि आम्ही आपणांपुढे बर्फावर मोटार कशी चालवावी हा विषय घेऊन उभे आहोत. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय ऐकला तेव्हा तेही क्षणभर गप्प झाले होते. पण समोर बसलेल्या मंडळींपैकी अनेकांची मुले, सुना, जावई आज बर्फ पडणाऱ्या मुलखांत आहेत. डिसेंबर लागला की त्यांना फोनवरून 'गाडी जपून चालव' असे आपण सांगतोच. जपून म्हणजे नेमके काय करून, एवढेच आज सांगावयाचे आहे. हे ज्ञान आम्ही पुस्तकातून मिळविलेले नाही. एकदा चांगलेच तोंडघशी पडून मिळविले आहे.

२००५ साली आम्ही उभयता नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिकला राहत होतो. तेथे एक जुनी मोटार स्वस्तात मिळाली. बांधणी बव्हेरियातलीच, १९९२ सालची, सहा सिलिंडर, १९० च्या आसपास अश्वशक्ती, आणि इंजिनाचा सारा जोर मागच्या दोन चाकांवर. पुण्यात आम्ही अ‍ॅम्बॅसडरवर हात बसविलेला. तीही मागच्याच चाकांवर चालणारी. तेव्हा यात नवे ते काय, असे वाटले. उन्हाळाभर त्या गाडीने आम्हांला अक्षरशः वेड लावले. पाय जरा टेकवावा की पाठ आसनाला चिकटे.

अशा जोरकस गाड्यांचा जोर मागच्या चाकांवर का देतात, हे आधी पाहू. एस.टी. झटक्याने सुटली की उभे असलेले आपण मागे झुकतो. तसेच गाडीचे वजनही वेग घेताना मागे झुकते, मागची चाके रस्त्यावर अधिक दाबली जातात आणि त्यांची पकड वाढते. पुढची चाके वळण्याचे काम करायला मोकळी राहतात. कोरड्या रस्त्यावर ही रचना फार उत्तम. बर्फावर मात्र घोटाळा होतो. तेथे गाडी झटक्याने सुटूच शकत नाही. झटका नाही म्हणून वजन मागे झुकत नाही, आणि वजन झुकत नाही म्हणून मागच्या चाकांना तो जादा दाब मिळत नाही. जिच्या भरवशावर ही रचना केली ती गोष्टच हिवाळ्यात नाहीशी होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत निदान इंजिनाचा बोजा चालत्या चाकांच्या डोक्यावर कायम बसलेला असतो.

आता थोडा हिशेब. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकाची पकड त्यावरील वजनाच्या सुमारे आठ दशांश असते. दाबलेल्या बर्फावर ती दोन-तीन दशांशांवर येते, आणि गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर एक दशांश किंवा त्याहूनही कमी. आमच्या गाडीचे वजन सुमारे १५०० किलो, पैकी निम्मे, म्हणजे ७५०, मागच्या चाकांवर. बर्फावर पकड दोन दशांश धरली तर ही चाके फार तर १५० किलोंचा रेटा देऊ शकणार. आणि पहिल्या गिअरमध्ये आमचे इंजिन किती रेटा देऊ शके? हजार किलोंहून अधिक! म्हणजे जेवढे बर्फ घेऊ शकते त्याच्या सातपट. उरलेला जोर जातो कुठे? चाके जागच्या जागी गरगर फिरतात, खालचे बर्फ घासून वितळते, पुन्हा गोठून अधिकच गुळगुळीत होते, आणि शेजारची लहानशी मोटार हळूच पुढे निघून जाते. हे दृश्य आम्ही आमच्या घरासमोर अनेकदा केले आहे.

पण जागच्या जागी चाके फिरणे ही नामुष्की झाली, संकट नव्हे. संकट उतारावर असते.

म्युनिकच्या दक्षिणेला दोन सरोवरे आहेत. वाल्खेनझे हे वरचे, कोखेलझे हे खालचे. दोहोंच्या पातळीत सुमारे २०० मीटरांचे अंतर. त्याच पाण्याच्या उडीवर तेथे १९२४ पासून वीज तयार होते. दोन सरोवरांमध्ये केसेलबर्ग नावाची खिंड आहे, उंची ८५८ मीटर, आणि तिच्यातून उतरणारा नागमोडी रस्ता. तो पाहून आम्हांला आपल्या खंडाळ्याची आठवण झाली, आणि घात झाला तो या आठवणीनेच. डिसेंबरचा रविवार होता. वर सरोवर पाहून परतताना बर्फ पडू लागले. मागच्या आसनावर आमची सहा वर्षांची मुलगी. गाडीला टायर होते ते उन्हाळ्याचेच. वळण जवळ आले, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग ताशी चाळीसच्या आसपास. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या अंगात भिनलेला धडा. तो आम्ही पाळला. दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला.

स्टिअरिंग आम्हां दोघांपैकी कोणाच्या हाती होते, हे आम्ही आजवर कोणाला सांगितलेले नाही. आजही सांगणार नाही.

झाले असे, की खालच्या गिअरमुळे इंजिनाने मागची चाके एकदम मागे खेचून धरली. पुढची दोन चाके रस्त्याच्या वेगाने फिरत आहेत, मागची दोन अडखळली आहेत. हातब्रेक ओढावा तसाच हा प्रकार. अडखळलेल्या चाकाला बाजूची पकड राहत नाही. गाडीचा मागचा भाग बाजूने निघाला, पुढच्या भागाला ओलांडून गेला, आणि समोर रस्त्याऐवजी झाडे, मग पुन्हा रस्ता, असे काहीतरी फिरताना दिसले. गाडी थांबली ती डोंगराच्या बाजूला, बर्फ लोटणाऱ्या गाडीने केलेल्या ढिगात रुतून, तोंड आलो त्या दिशेला करून. दुसऱ्या बाजूला दरी होती. मागून मुलीने विचारले, "आपण परत वर चाललो का?"

कोणाला काही लागले नव्हते. थोड्या वेळाने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने आम्हांला काही विचारले नाही. वाकून टायरांकडे पाहिले, बुटाने एकाला टोकरले आणि म्हणाला, "हे उन्हाळ्याचे आहेत." मग दोर बांधला.

पुढे आम्ही घसरगुंडीच्या सरावाच्या मैदानावर रीतसर शिकलो. स्वीडनमध्ये असा सराव केल्यावाचून परवानाच मिळत नाही, आणि आमच्या मते तो नियम शहाणपणाचा आहे. तेथे पहिल्या तासालाच कळले, की टायरची पकड ही खिशातल्या एका रुपयासारखी आहे. हिशेब ढोबळ आहे, पण उपयोगी पडतो. बारा आणे वळण्यात खर्च केले तर ब्रेकला किंवा वेगाला चारच आणे उरतात. बर्फावर मुळात रुपयाच नसतो, पावली असते. म्हणून ब्रेक लावायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. गिअर बदलायचा तोही उतार लागण्याआधी, आणि क्लच सावकाश सोडायचा. आमचा खंडाळ्याचा धडा खोटा नव्हता. उताराच्या मध्यावर, धक्क्यासरशी, तो चुकीच्या जागी वापरला एवढेच. सुटताना दुसऱ्या गिअरमध्ये सुटावे, म्हणजे चाकांपर्यंत जोर कमी पोचतो. आणि मागचा भाग निघालाच, तर क्लच दाबून चाके मोकळी सोडावीत, जिकडे जायचे तिकडे डोळे ठेवावेत आणि मागचा भाग ज्या बाजूला घसरला त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावे. गाडी सावरू लागताच ते चटकन सरळ करावे, नाहीतर दुसऱ्या बाजूला तिप्पट जोराने फटका बसतो. ऐकायला सोपे आहे. पाय मात्र आपोआप ब्रेककडे धावतो, आणि ही खोड मोडायला आम्हांला दोन शनिवार लागले.

टायरांविषयी. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. जर्मन लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर ठेवतात. आमच्या वेळी तो नुसता रिवाज होता. २००६ साली मोघम नियम झाला आणि डिसेंबर २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरांची स्पष्ट सक्ती आली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ती २००८ पासून आहे. टायर घ्यावेत ते चारही. केवळ मागे घातले तर गाडी सुटेल, पण वळणार नाही. डिकीत वाळूचे पोते ठेवण्याची जुनी युक्ती मागच्या चाकांच्या गाडीला खरोखर उपयोगी आहे. मात्र ते आसाच्या जवळ, घट्ट बांधलेले असावे. सुटे पोते वळणावर गाडीहून आधी वळते.

काही श्रोते मनात म्हणत असतील, की आता हे सारे यंत्रच पाहते. खरे आहे. चाक अडकू न देणारे ब्रेक १९७८ पासून आले, आणि १९९५ साली बॉश व मर्सिडीझ यांनी घसरती गाडी सावरणारी यंत्रणा बाजारात आणली. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कापते. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची आहे. उत्तर स्वीडनमध्ये आर्येप्लोग येथे गोठलेल्या सरोवरांवर अशा यंत्रणांची परीक्षा चालते. तिने पुष्कळांचे प्राण वाचविले आहेत. पण ती पावलीचा रुपया करीत नाही. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर बारा-तेरा मीटरांत थांबते, दाबलेल्या बर्फावर चाळीस मीटर घेते आणि निखळ बर्फाच्या काचेवर शंभराच्या जवळ. मग ती मागच्या चाकांवर चालणारी असो, पुढच्या असो की चारही. चारचाकी जोराची गाडी सुटते झकास, थांबते मात्र इतरांसारखीच. बर्फात रस्त्याकडेला पडलेल्या अशा गाड्या आम्ही कमी पाहिल्या नाहीत.

गंमत अशी, की मागे पडत चाललेली ही मागच्या चाकांची रचना विजेच्या मोटारींनी पुन्हा आणली आहे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहात जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि विजेच्या कित्येक गाड्या मागच्याच चाकांवर चालतात. बॅटरीचे वजन तळाशी असते, मोटरवरचा ताबा फार जलद असतो, म्हणून त्या आमच्या जुन्या गाडीहून पुष्कळ शहाण्या आहेत. पण पाय उचलला की त्या वीज परत साठवू लागतात, म्हणजे मागची चाके मागे खेचली जातात. आमचा केसेलबर्गचा दुसरा गिअरच तो! निसरड्यावर ही खेच कमी ठेवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

आणि परदेशच कशाला? ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून आपली मंडळी येथून स्वतःची गाडी घेऊन थेट लाहौलच्या बर्फात उतरतात. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांच्याच गाड्या. दणकट दिसते म्हणून चारही चाकांवर चालत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. तेथे साखळ्या बांधायच्या त्या मागच्या चाकांना, आणि तशाही पुढची चाके उघडीच राहतात हे ध्यानात ठेवून चालायचे. पोलिसांनी परत फिरा म्हटले तर हुज्जत घालू नये.

ती गाडी आम्ही आणखी चार हिवाळे चालविली. विकायच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ पाहायला आले. आम्ही मोठ्या हौसेने इंजिनाचे झाकण उघडून ठेवले होते. ते त्याच्याकडे फिरकलेच नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर बसून मागच्या टायराची खाच बोटाने चाचपली, आणि मग विचारले, "दुसरा संच घरात आहे ना?" आम्ही तळघरातून उन्हाळ्याचे चार टायर वर आणून दिले. किमतीबद्दल त्यांनी घासाघीस केली नाही.