बर्फ बाहेर, फळ आत

आम्ही भिवापूरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज आंब्याचं सॉर्बे घरी कसं करायचं ते सांगणार आहोत. नावाला घाबरू नका. सॉर्बे आणि आपलं सरबत, दोन्ही शब्द एकाच अरबी घरातून आलेले. सॉर्बे म्हणजे गोठवलेलं सरबत. यात दूध नाही, मलई नाही.

हे शिकायची वेळ का आली, ते आधी ऐका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गाडीची घंटी वाजली की पोरं गोळ्यासाठी धावतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीची लेक उलट्या-जुलाबानं चार दिवस सलाइनवर होती. कशानं झालं ते ठाम कुणीच सांगू शकलं नाही. पण तिनं खाल्लेला बर्फ कोणत्या पाण्याचा होता, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. तेच मनाला लागलं.

गोठल्यानं पाण्यातले सगळे जंतू मरत नाहीत. बर्फ वितळला की ते पुन्हा पोटात जायला मोकळे. म्हणूनच आपल्या राज्यात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. पण पांढरा दिसला म्हणून बर्फ खाण्याचाच, असं धरून चालू नका. आपण करणार त्या पद्धतीत बाजारातला बर्फ पोटात जातच नाही. तो डब्याच्या बाहेर राहतो. जुन्या पॉट आइस्क्रीमचीच ही रीत आहे.

आता साहित्य लिहून घ्या. पिकलेल्या आंब्याचा गाळलेला रस 2 वाट्या. बैंगनपल्ली चालेल, गावरानही चालेल. पाणी 1 वाटी, साखर पाऊण वाटी, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. पाण्यात साखर घालून पाच मिनिटं खळखळ उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग त्यात आंबा, लिंबू, मीठ मिसळा.

घट्ट झाकणाचा पातळ स्टीलचा डबा घ्या. मिश्रण अर्ध्या डब्यापर्यंतच भरा. बादलीत 3 किलो फोडलेला बर्फ आणि 1 किलो जाडं मीठ थरावर थर घाला आणि मधे डबा बसवा. मिठानं बर्फ लवकर वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून आतलं सरबत गोठतं. डबा हातानं सारखा फिरवत राहा. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून मगच उघडा आणि कडेला गोठलेला थर चमच्यानं खरवडून मधे घ्या. पाऊण तासाच्या आसपास सॉर्बे तयार होतं. फ्रीज नको, लाइट गेली तरी अडत नाही.

आमच्या चुकाही सांगतो. पहिल्यांदा आम्ही साखर अर्धी केली. सॉर्बे असं दगड झालं की चमचा वाकला. साखर नुसती गोडीसाठी नसते, तिच्यामुळे ते मऊ राहतं. म्हणून ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी हे टाळलेलंच बरं. दुसऱ्यांदा झाकणातून खारं पाणी आत गेलं आणि सगळं फेकावं लागलं. बर्फ-मिठाचं पाणी नेहमी झाकणाच्या खालीच ठेवा. त्या बर्फात उघडा हात फार वेळ घालू नका, चामडी भाजल्यासारखी होते. नंतर ते पाणी परसबागेत, झाडांना ओतू नका.

पपई असली तर लिंबू थोडं जास्त घाला. संत्र्याच्या बिया काढूनच रस घ्या आणि तो लगेच वापरा, ठेवला तर कडू होतो. आणि भिवापूरचं आहोत म्हणून सांगतो, आंब्यावर आपल्या भिवापुरी मिरचीची चिमूटभर पूड भुरभुरून बघा.

आता बाया विचारतात, हे विकायचं का? आमच्या बैठकीत यावर चांगलीच बाचाबाची झाली. काही जणी म्हणाल्या, यात्रेत लगेच स्टॉल लावू. शेवटी ठरलं, अन्न सुरक्षेची नोंदणी हातात आल्याशिवाय एक वाटीही विकायची नाही. ज्या कारणानं हे शिकलो, तेच दुसऱ्याच्या लेकराच्या वाट्याला यायला नको. तोवर घरच्यांसाठी, गटाच्या बैठकीसाठी करतो. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवून कुणाला देत नाही.

बाजारात भाव न मिळालेले जास्त पिकलेले आंबे पडून असतात, तेच यासाठी सगळ्यात चांगले. फक्त सडलेले नकोत. या रविवारी बादली काढा. डबा फिरवायला पोरांना बसवा. आमच्याकडे तीच दवाखान्यातून आलेली लेक आता फिरवायला सगळ्यांच्या आधी बसते.

येतो आम्ही. नमस्कार.