सौद्याचा जमाखर्च

नामांकित खेळाडू आणून एखादा संघ नव्यानें उभारला, तर त्या सौद्याचें मोल कशावरून ठरवावें? आदल्या वर्षीं संघ कोठें होता आणि नंतर कोठें पोहोंचला, हेंच त्याचें माप होय.

बोरिवलींत वाढलेल्या रोहित शर्माच्या नेतृत्वाखालीं मुंबई इंडियन्सनें २०१३ ते २०२० या काळांत पांच वेळां आयपीएल जिंकली. २०२२ च्या लिलावापूर्वीं चारच खेळाडू राखण्याची मुभा असल्यानें तो संघ विस्कटला व तळाशीं गेला. हार्दिक पंड्याही तेव्हांच सुटला आणि त्यानें गुजरातला विजेतेपद मिळवून दिलें. २०२३ मध्यें मुंबई सावरली. आठ साखळी सामने जिंकून चौथी आली आणि अहमदाबादेस दुसऱ्या पात्रता लढतींत हार्दिकच्याच संघाकडून हरली.

त्या नोव्हेंबरांत मुंबईनें हार्दिकला परत आणलें. डिसेंबरांत रोहितचें कर्णधारपद त्यास दिलें. अष्टपैलू खेळाडू मिळविणें शहाणपणाचें होतें. परंतु लोकांच्या मनांतला नायक बदलण्याची किंमत निराळी होती. २०२४ मध्यें वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनीं नव्या कर्णधाराची हुर्यो उडविली आणि चौदांपैकीं चार सामने जिंकून संघ पुन्हां शेवटचा राहिला.

२०२५ मध्यें पुन्हां आठ विजय, पुन्हां चौथें स्थान, आणि अहमदाबादेसच दुसऱ्या पात्रता लढतींत २०३ धावा करूनही पंजाबकडून हार! या सावरण्यांतही सूर्यकुमार यादवच्या ७१७ धावांचा वांटा मोठा होता. तात्पर्य, २०२५ अखेर मुद्दल तेवढें परत आलें. व्याज मिळालें नाहीं.