मुलांचा प्रोजेक्ट आणि आपल्या गटाची वही

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय.

इंजिनिअरिंगची, डिप्लोमाची, बीसीएची मुलं-मुली शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करतात. तिघाचौघांची टीम असते, एक गाईड सर किंवा मॅडम असतात, आणि शेवटी परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा होते. तुम्ही म्हणाल, यात आपलं काय काम? आपलं काम दोन जागी आहे. त्या टीममध्ये आपल्या मुली आहेत. आणि त्या टीमला शिकायला खरं काम लागतं, ते आपल्या वहीत आहे.

आधी हे बघू, की मुलांना टीममध्ये का घालतात. 1968 साली जर्मनीत गार्मिश गावी जाणकारांची परिषद भरली होती. मोठी सॉफ्टवेअर वेळेवर होत नव्हती, खर्च वाढत होता, चुका राहत होत्या. घर बांधणाऱ्या इंजिनिअरसारखी शिस्त या कामालाही हवी, हा विचार तिथून जोर धरू लागला. कोड लिहिणं हा कामाचा एकच भाग. गरज विचारून घेणं, काम वाटणं, तपासणं आणि नंतर सांभाळणं, हेही तितकंच मोठं. चार माणसांचा स्वयंपाक येतो म्हणून पाचशे पानांचं लग्न उरकता येत नाही, तसंच हे. फ्रेड ब्रूक्स या संगणक तज्ज्ञाने 1975 च्या पुस्तकात सांगितलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली तर आणखी उशीर होतो. आपल्याला हे पटतं. ऐन पंगतीच्या वेळी नवी बाई मदतीला आली, तर मीठ कुठे नि झारा कुठे हे सांगण्यातच वेळ जातो.

आता आपल्या वहीकडे येऊ. गटाचे व्यवहार संगणकावर आणणं आपल्या भागाला नवं नाही. नाबार्डने 2015 साली ई-शक्ती प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडचं रामगड आणि आपलं शेजारचं धुळे होतं. 1998 पर्यंत आपण धुळे जिल्ह्यातच होतो. तेव्हा मुलं “मावशी, तुमच्या गटाचं ॲप करू का” असं विचारत आली, तर लाजू नका. त्यांना बसवा आणि आपली गरज नीट सांगा.

काय सांगायचं? एक, गटात एकाच नावा-आडनावाच्या दोघी असतात, त्या नवऱ्याच्या नावावरून ओळखायच्या. दोन, घरी कोणी अहिराणी बोलतं, कोणी गुजरी, कोणी भिली; इंग्रजी बटणं चालणार नाहीत. अंगठा करणाऱ्या बाईला आकडा ऐकू यायला हवा. तीन, नेटवर्क नसलं तरी बैठकीची नोंद व्हायला हवी.

मग तपासणी. ती आपण करायची. समजा एकीने 5,000 रुपये घेतले, महिना 2 टक्के व्याजाने, आणि दर महिन्याला 1,000 रुपये मुद्दल फेडते. पहिल्या महिन्याचं व्याज 100. मग उरले 4,000, त्याचं 80. पुढे 60, 40 आणि 20. एकूण व्याज 300 रुपये. ॲपने दर महिन्याला मूळ 5,000 वरच व्याज धरलं, तर पाच महिन्यांचे 500 होतात. म्हणजे त्या बाईचे 200 रुपये जास्त जातात. असा हिशेब हाताने करून मुलांपुढे ठेवा. मार्कांच्या कामात आणि खऱ्या कामात काय फरक आहे, हे त्यांना त्या 200 रुपयांतून कळतं.

मात्र तपासायला खरी नावं देऊ नका. कोणावर किती कर्ज आहे, ही तिच्या घरची अब्रू आहे. खोटी नावं चालतात. आधार क्रमांक तर अजिबात नको. आणखी एक विचारा: तुम्ही पास होऊन पुण्याला गेलात की बिघाड कोण दुरुस्त करणार? लिहिलेली माहिती पुढच्या वर्षीच्या टीमकडे द्या, असं गाईडसमोर सांगा. तोपर्यंत आपली वही बंद करायची नाही.

आता मुलींचं. 2017 पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही देशपातळीची स्पर्धा होते. तिथे सहा जणांच्या टीममध्ये निदान एक मुलगी असावीच लागते. नियमाने मुलगी टीममध्ये येते, पण तिच्या हाती काम काय येतं? बऱ्याचदा कोड मुलं लिहितात, आणि “तुझं अक्षर चांगलं, तू रिपोर्ट लिही” असं मुलीला सांगतात. रिपोर्टही कामच आहे. पण नोकरीच्या मुलाखतीत “तू काय बनवलंस” असं विचारलं, की ती अडकते. म्हणून लेकीला “प्रोजेक्ट झाला का” एवढंच विचारू नका. “त्यातला तुझा भाग कोणता, मला समजावून सांग” असं विचारा. आपल्याला सगळं कळलं नाही तरी चालेल, तिला सांगता आलं पाहिजे. कोणत्या ओळी कोणी, कधी लिहिल्या याची नोंद ठेवणारं गिट नावाचं साधन असतं. आपल्या वहीतल्या सह्यांसारखंच ते. ते वापरायला तिला सांगा.

शहरात तयार प्रोजेक्ट विकतही मिळतात. त्यासाठी मुलीने पैसे मागितले, तर आधी बसून बोला. विकतच्या प्रोजेक्टने वर्ष निघेल, हात तयार होणार नाही.

आणि टीमचं काम लांबलं, मुलीला यायला उशीर झाला, तर लगेच “शिक्षण पुरे” म्हणू नका. काम कॉलेजात दिवसा ठेवा, शेवटच्या बसच्या आत संपवा, असं पालक म्हणून गाईडना सांगता येतं. चार आया मिळून गेल्या तर ऐकलंही जातं.

केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात 2014 पासून कॉलेजं गावं निवडून तिथल्या प्रश्नांवर काम करतात. आपलं गाव कोणत्या कॉलेजाकडे आहे का, हे ग्रामसभेत विचारा. नसेल तर जवळच्या कॉलेजाला गटाच्या ठरावासह पत्र द्या. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि जी लेक शिकते आहे तिलाही बोलवा.