अवरक्त किरणांची साक्ष

इ. स. १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि त्यातील निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. या अदृश्य किरणांना पुढे अवरक्त किरण हे नाव मिळाले. आज रसायनशाळेत ते साक्षीदाराचे काम करतात. पॉलिएस्टर व नायलॉन यांच्या मिश्रणात त्यांची साक्ष फार मोलाची ठरते. पण ती जपून घ्यावी लागते.

अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली नायलॉन सिद्ध केले. टेरिलीन या नावाने परिचित झालेले पॉलिएस्टर इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी १९४१ साली शोधले. दोन्ही पदार्थांचे रेणू लांब साखळ्यांचे असतात. पॉलिएस्टरच्या साखळीत ‘एस्टर’ हा सांधा वारंवार येतो, तर नायलॉनच्या साखळीत ‘अमाइड’ हा. दोन्ही एकत्र वितळवले तरी ते बव्हंशी वेगळेच राहतात. कारण नायलॉनच्या साखळ्या हायड्रोजन-बंधांनी आपसांतच जखडलेल्या असतात.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आतील वायू निसटू नये म्हणून पॉलिएस्टरच्या काही बाटल्यांत विशिष्ट नायलॉनचा पातळ थर घालतात. बाटली टाकाऊ झाली की हीच जोडी पुनर्वापराच्या आड येते. नवा माल पिवळट व धूसर होतो. शिवाय दोन पदार्थ परस्परांना धरून राहिले नाहीत, तर वस्तू त्यांच्या सीमेवरच तुटते. मात्र वितळलेल्या स्थितीत काही एस्टर व अमाइड सांध्यांची अदलाबदल झाली, तर अर्धी पॉलिएस्टरची व अर्धी नायलॉनची अशी साखळी तयार होते आणि ती दोघांना सांधते.

ही अदलाबदल ओळखावी कशी? रेणूतील अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत कंप पावतात व आपल्या कंपनसंख्येशी जुळणारे अवरक्त किरण शोषून घेतात. एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींच्या संख्येने ही शोषणाची जागा सांगतात. एस्टरमधील कार्बन-ऑक्सिजन बंध १७२० च्या सुमारास शोषण दाखवतो, अमाइडमधील १६४० च्या सुमारास. नायट्रोजन-हायड्रोजन बंध मोकळा असेल तर ३४४० च्या आसपास, हायड्रोजन-बंधात गुंतलेला असेल तर ३३०० च्या आसपास दिसतो. अर्थात कोणता सांधा आहे आणि तो कशात गुंतला आहे, हे वर्णपटावरून कळते.

अडचण पुढेच आहे. अदलाबदलीत एक एस्टर व एक अमाइड यांच्या जागी पुन्हा एक एस्टर व एक अमाइडच तयार होतो. सांधे त्याच जातीचे, संख्याही तीच. म्हणून वर्णपट जवळजवळ पूर्वीसारखाच दिसतो. नुसत्या वर्णपटावरून ‘काही घडले नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

यावर एक साधी युक्ती आहे. तीव्र फॉर्मिक आम्लात नायलॉन विरघळते, पॉलिएस्टर विरघळत नाही. मिश्रण या आम्लाने पुनःपुन्हा धुवावे आणि उरलेल्या गाळाचा वर्णपट घ्यावा. साखळ्या वेगळ्याच असतील तर १६४० चे शोषण नाहीसे झाले पाहिजे. ते शिल्लक राहिले, तर नायलॉनचा काही भाग पॉलिएस्टरशी जोडला गेला असावा. तो नुसता अडकून राहिला की खरोखर सांधला गेला, हे पाहण्यासाठी मिश्रण कमी व अधिक वेळ वितळवून तोच प्रयोग करतात. तापवण्याच्या काळाबरोबर शोषण वाढत गेले, तर रासायनिक सांध्याचा पुरावा बळकट होतो. शेवटची खात्री अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने करून घेतात, कारण त्यात सांध्याच्या शेजारी कोण आहे हेही कळते.

टाकाऊ प्लॅस्टिकच्या ढिगातून टिकाऊ वस्तू करायची, तर कोणत्या जोडीला किती तापवावे हे आधी ठरवावे लागते. ते ठरवताना अवरक्त किरण व आम्लाची बाटली या दोन्हींची साक्ष एकत्र घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.