‘फ्लॅटन’चं ‘फ्लॅट’ का झालं?

जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ॲरेची ‘फ्लॅट’ मेथड वापरली असेल. यादीच्या आत याद्या असतील तर ती त्या उलगडून सपाट यादी देते. तिचं नाव आधी ‘फ्लॅटन’ होतं. मग बदललं का?

मार्च २०१८. फायरफॉक्सच्या नाइटली आवृत्तीत ‘फ्लॅटन’ आली आणि एक वेबसाइट बिघडली. शोध घेतला तर मूळ निघालं मूटूल्समध्ये. ही २००६ सालची लायब्ररी. तिने ॲरेला स्वतःची ‘फ्लॅटन’ केव्हाच जोडली होती.

आता तुम्ही म्हणाल, मूटूल्स ब्राउझरच्या मेथडवर आपली मेथड लिहितेच, मग अडलं कुठे? तर बघा, मूटूल्स ॲरेवरच्या मेथड फॉर-इन लूपने गोळा करते आणि आपल्या ‘एलिमेंट्स’ या प्रकारावर उतरवते. ब्राउझरच्या अंगभूत मेथड त्या लूपला दिसत नाहीत. त्यांच्या जागी दुसरं फंक्शन ठेवलं, तरी तो न दिसण्याचा गुण कायम राहतो. त्यामुळे ‘फ्लॅटन’ एलिमेंट्सपर्यंत पोचलीच नाही. जिथे ती वापरली होती, तिथे एरर!

मग नाव काय ठेवायचं? एकाने गमतीत ‘स्मूश’ सुचवलं आणि त्यावरून इंटरनेटवर रण माजलं. शेवटी मे २०१८ मध्ये टीसी३९ समितीने ‘फ्लॅट’ ठरवलं. याच लायब्ररीपायी त्याआधी ‘कंटेन्स’चं ‘इन्क्लूड्स’ करावं लागलं होतं.

कुणी विचारेल, जुन्या साइटचे एवढे लाड कशाला? पायथॉनने नाही का, ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत ‘सीजीआय’सकट १९ जुनी मॉड्यूल काढून टाकली? काढली. पण तिथे आवृत्ती कोणती चालवायची ते तुम्ही ठरवता. अडचण असेल तर काही काळ ३.१२ वर थांबता येतं. वेबवर ब्राउझर वापरणाऱ्याचा असतो आणि तो आपोआप अपडेट होतो. साइट बनवणारा केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. ज्याचं दुकान त्या साइटवर चालतं, त्याला मूटूल्स हा शब्दही ठाऊक नसतो. काल चालणारं बटण आज चालत नाही, एवढंच त्याला कळतं.

मला ‘फ्लॅटन’ हेच नाव जास्त आवडतं. तरी निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. थोडं कमी चांगलं नाव आपण दोन दिवसांत शिकतो, पण बंद पडलेली साइट दुरुस्त करायला कुणी नसतं.

आपल्यासाठी धडा एकच. भाषेच्या अंगभूत प्रकारांना स्वतःच्या मेथड चिकटवू नका, वेगळं फंक्शन लिहा. मीही एकेकाळी स्ट्रिंगला अशा मेथड जोडल्यात, तेव्हा हे स्वतःलाही सांगतोय.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमचा जुना कोड एकदा उघडून बघाच!